आडवी बाटली : नाताळचं जेवण, नगर जिल्हा आणि पाचशे वर्षांची वाईन

ज्यांना ऐकायला वेळ नाही, पण बसमध्ये उभ्या उभ्या वाचायला आहे, त्यांच्यासाठी हे या एपिसोडचं लिखित रूप. बोलताना जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी सगळं तसंच आहे.

आजचा विषय दारूचा आहे, म्हणजे वाईनचा. आणि ‘म्हणजे’ हा शब्द वापरला की आमच्या जिल्ह्यात भांडण सुरू होतं, ते का, हेही आज सांगणार आहे.

तर झालं असं. गेल्या डिसेंबरमध्ये शाळेतल्या मित्राचा फोन आला. “पंचवीसला जेवायला ये. आई विचारतीये, किती वर्षं झाली आला नाहीस.” हा माझा नगरचा मित्र. कागदावर आता अहिल्यानगर झालंय, पण एसटीचा कंडक्टर अजून ‘नगर, नगर’ असंच ओरडतो, म्हणून मीही नगरच म्हणतो. मित्राचं घर ख्रिस्ती. आठवीपासून त्यांच्याकडे नाताळला जेवायला जायचो. दुपारी करंज्या, चकल्या, शेव, अगदी आपल्या दिवाळीसारखा फराळ. रात्री काळ्या मसाल्याचं मटण, बाजरीची भाकरी, भात. घरातली सगळी एकत्र बसून पेटीवर नारायण वामन टिळकांचे अभंग म्हणणार, मग जेवण.

आता मी अठ्ठावीसचा, पुण्यात कोड लिहितो, पगार बरा आहे. रिकाम्या हाताने कसं जायचं? सिनेमात बघितलेलं असतं, नाताळच्या जेवणाला माणसं वाईन घेऊन जातात. म्हणून दुकानात गेलो आणि नाशिककडची एक रेड वाईन घेतली, जरा खास, ओकच्या पिंपात मुरवलेली. मी पगारातून स्वतःसाठी जे बूट घेतो त्यापेक्षा महाग. दुकानदार म्हणाला, “बूच लाकडाचं आहे, बाटली आडवी ठेवा. उभी ठेवली तर बूच सुकतं, हवा आत जाते, वाईन आंबते.”

तेवीस तारखेला गावी आलो. आमचं गाव पारनेर तालुक्यात. कपाटात स्वेटरच्या घडीखाली बाटली ठेवली. आडवी.

दुसऱ्या दिवशी आईला स्वेटर हवा होता.

ओरडली नाही. बाटली हातात घेऊन बाहेर आली आणि विचारलं, “ही आडवी का ठिवली रं?”

मी बूच, हवा, आंबणं, सगळं समजावलं. ती ऐकून घेत होती. मग आत जाऊन रेशनकार्डाच्या पिशवीतून वर्तमानपत्राचं एक पिवळं पडलेलं कात्रण घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवलं. त्यावर दोन बाटल्यांची चित्रं होती. एक उभी, एक आडवी.

उभी की आडवी?

शहरात वाढलेल्यांना हे माहीत नसेल, म्हणून थोडं थांबून सांगतो. महाराष्ट्रात गावातलं दारूचं दुकान बंद करायचं असेल तर गावातल्या बायकांना मतदान मागता येतं. आधी एकूण महिला मतदारांपैकी पंचवीस टक्क्यांनी सह्या करून अर्ज द्यायचा. मग गुप्त मतदान. चिन्हं दोनच. उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. आणि अट अशी की, मतदानाला आलेल्यांपैकी नाही, तर यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. म्हणजे जी बाई शेतात गेली, जी माहेरी गेली, जिला नवऱ्याने घराबाहेर पडू दिलं नाही, तिचं मत आपोआप उभ्या बाटलीला धरलं जातं. आपल्या देशात आमदार-खासदार निवडायलाही इतकी कडक अट नाही.

२०१६ साली आमच्याच तालुक्यातल्या निघोजच्या बायकांनी ही अट पार करून बाटली आडवी केली. आईचं कात्रण त्याचं. आमच्या गावात असं मतदान कधी झालं नाही. पण आईने कात्रण रेशनकार्डाशेजारी जपून ठेवलं, आणि त्याला कारण आहे.

माझे धाकटे चुलते, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. गवंडीकाम करायचे, हात इतका साफ की भिंतीला ओळंबा लावायची गरज पडायची नाही. हातभट्टीने गेले, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी. शेवटची दोन वर्षं त्यांना जेवण भरवायचं काम आईने केलं, कारण काकू पोरांना घेऊन माहेरी गेली होती. मी तेव्हा दहावीत. यापुढे जास्त सांगत नाही. ज्यांच्या घरात असं घडलंय त्यांना कळेल, ज्यांच्या घरात नाही त्यांना सांगून कळणार नाही.

आईने बाटली परत स्वेटरखाली ठेवली. आडवीच. आणि एकच प्रश्न विचारला : “ज्यांच्याकडं नेतोय, त्यांना इचारलं का तू?”

नव्हतं विचारलं.

आता मला असं काही झालं की मी काय करतो, तुम्हाला माहितीये. मी इतिहासात घुसतो. त्या रात्री फोनवर शोधत बसलो : आपल्या जिल्ह्यात ही बाटली आली कुठून, कुणाच्या ताटाशेजारी ठेवली गेली आणि कुणी उचलून फेकली?

साकी, एक प्याला, आणि पडलेला वेढा

सुरुवात निजामशाहीपासून करू. १४९० मध्ये मलिक अहमदने बहामनी सत्तेपासून वेगळं होऊन आपलं राज्य उभारलं आणि पुढे भिंगारजवळ नगर शहर वसवलं. या दरबारात इराणहून माणसं येत होती. सरदार, हकीम, कवी. त्यातला एक जुहूरी, खुरासानमधल्या तुर्शिजचा.

जुहूरीने दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाला अर्पण केलेलं एक काव्य आहे, ‘साकीनामा’. साकी म्हणजे प्याला भरून देणारा. फारसीत साकीनामा हा एक काव्यप्रकारच आहे, कवी साकीला म्हणतो, प्याला भर, आणि मग जग, प्रेम, राजा, मृत्यू या सगळ्यावर बोलतो. जुहूरीचा साकीनामा चार हजारांहून जास्त द्विपदींचा आहे आणि त्या प्रकारातल्या सगळ्यात नावाजलेल्या काव्यांमध्ये तो मोजला जातो. बुऱ्हाण १५९१ ते १५९५ गादीवर होता. म्हणजे विचार करा, तुकोबांच्या जन्माच्या आसपासचा काळ, आणि आमच्या नगरच्या दरबारात वाईनवरचं फारसी महाकाव्य वाचलं जातंय! शाळेत नगरचा इतिहास म्हणून आम्हाला चांदबीबी शिकवली, जुहूरी नाही.

एक गोष्ट सांगतात की, खूश झालेल्या बुऱ्हाणने हत्तींवर लादून बक्षीस पाठवलं, तेव्हा जुहूरी कहवाखान्यात बसला होता आणि त्याने ते तिथल्या तिथे वाटून टाकलं. म्हणजे साकीनामा लिहिणारा माणूस त्या वेळी कॉफी पीत होता. खरं-खोटं त्यालाच माहीत.

दुसरी गोष्ट मात्र कडू आहे. त्याच्या वीस वर्षं आधीची. रेवदंडा-चौलचा किनारा निजामशाहीचा, पण तिथे पोर्तुगीज तळ ठोकून बसलेले. १५७०-७१ मध्ये मूर्तझा निजामशहाने चौलला मोठा वेढा घातला. महिनोन्‌महिने वेढा चालला आणि फसला. का फसला? फरिश्ता नावाचा इतिहासकार, जो लहानपणी वडिलांबरोबर नगरला आला आणि मूर्तझाच्या पदरी राहिला, तो कारण लिहून ठेवतो. निजामशाहीचे सरदार फितूर झाले. पोर्तुगिजांनी त्यांना भेटी दिल्या आणि त्या भेटींमध्ये विशेष होती ती वाईन. मग रसद गुपचूप आत जाऊ लागली.

वाचलं आणि मी उठून बसलो. एक बाटली भेट म्हणून नेणं ही किती निरागस गोष्ट वाटत होती मला! आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात वाईनच्या भेटीची नोंद आहे ती लाच म्हणून.

याच पोर्तुगिजांनी आपल्याला ‘नाताळ’ हा शब्द दिला. पोर्तुगीज भाषेत नताल म्हणजे ख्रिस्तजन्म. म्हणजे सणाचं नाव आणि सणाची बाटली, दोन्ही एकाच जहाजातून उतरलं.

मग नगरच्या ख्रिस्ती घरात वाईन का नाही?

इथे माझा मोठा गैरसमज होता. मला वाटायचं ख्रिस्ती म्हणजे वाईन चालतेच. वसईत, गोव्यात, वांद्र्यात चालते. पण नगरमध्ये ख्रिस्ती धर्म पोर्तुगिजांनी आणला नाही. तो बॉस्टनहून आला.

१८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला सुरू झालं. हे मिशनरी ज्या अमेरिकेतून आले तिथे त्या वेळी दारूविरोधी चळवळीचं वारं होतं. बॉस्टनमध्येच १८२६ साली अमेरिकन टेम्परन्स सोसायटी स्थापन झाली होती. म्हणजे नगरला आलेल्या मिशनरींच्या सामानात बायबल होतं, छापखान्याची स्वप्नं होती, मुलींची शाळा होती. सावित्रीबाई फुले शिक्षिका होण्याचं प्रशिक्षण घ्यायला नगरला मिस फरारबाईंकडे आल्या होत्या, त्या याच मिशनच्या. पण वाईनचा प्याला नव्हता.

अडचण एकच. चर्चमध्ये प्रभुभोजन असतं, त्यात भाकर आणि द्राक्षारस लागतो. दारू वर्ज्य, मग काय करायचं? याचं उत्तर न्यू जर्सीतल्या एका दंतवैद्याने शोधलं. थॉमस वेल्च. लुई पाश्चरने नुकतंच दाखवून दिलं होतं की ठरावीक तापमानाला गरम केलं की आंबवणारे जीव मरतात. वेल्चने १८६९ मध्ये ते तंत्र द्राक्षांच्या रसाला लावलं. रस आंबेना. न आंबलेली ‘वाईन’ तयार झाली! दूध टिकवायला आपण जे करतो तेच, पण ते रसाबाबत आधी झालं ते चर्चसाठी. आज सुपरमार्केटमध्ये खोक्यात मिळणारा द्राक्षाचा रस त्याच वाटेने आलाय.

कॅथलिक चर्चचं वेगळं. मिस्साला खरी, आंबवलेली, द्राक्षाचीच वाईन लागते, तसा त्यांचा नियम आहे. आणि आपल्या जिल्ह्यात कॅथलिकही आहेत. श्रीरामपूरजवळ हरेगावला सप्टेंबरमध्ये मतमाउलीची यात्रा भरते तिथली गर्दी बघा एकदा. म्हणजे एकाच जिल्ह्यात, एकाच रविवारी, एका चर्चमध्ये प्याल्यात रस असू शकतो आणि दुसऱ्या चर्चमध्ये वाईन. दोघांनाही वाटतं, येशूने हेच दिलं होतं.

माझ्या मित्राचं घर मिशनवालं. पाच पिढ्यांचं. आणि मी तिथे ओकच्या पिंपातली रेड घेऊन निघालो होतो.

मळीचा जिल्हा

आता सगळ्यात मोठं प्रकरण. नगरची दारू म्हटली की द्राक्ष डोळ्यांसमोर येत नाही, ऊस येतो.

१९३३ मध्ये महादेव दहाणूकरांची महाराष्ट्र शुगर मिल्स सुरू झाली, श्रीरामपूरजवळ, आज आपण ज्याला टिळकनगर म्हणतो तिथे. १९५० मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला आणि मग जिल्हाभर धुराडी उभी राहिली. ऊस गाळला की साखर निघते आणि उरते ती काळी, चिकट मळी. त्यात अजून साखर असते. ती आंबवायची, आंबवून ऊर्धपातन करायचं, म्हणजे वाफ करून पुन्हा थंड करायचं, की अल्कोहोल. त्यातून औषधं होतात, रसायनं होतात, आता पेट्रोलमध्ये घालायचं इथेनॉल होतं आणि दारूही होते. टिळकनगरचा कारखाना पुढे साखरेपेक्षा मॅन्शन हाउस ब्रँडीसाठी ओळखला जाऊ लागला. दक्षिणेतल्या राज्यांत ही ब्रँडी धडाक्यात खपते, आणि पिणाऱ्या कितीतरी जणांना नगर जिल्हा कुठे आहे हेही माहीत नसेल.

इथे एक फरक डोक्यात पक्का करा, पुढच्या भांडणासाठी लागेल. वाईन नुसती आंबवतात, त्यात अल्कोहोल साधारण बारा ते चौदा टक्के. ब्रँडी, व्हिस्की, रम ऊर्धपातनाने करतात, ती आपल्याकडे बेचाळीस टक्क्यांच्या पुढे. गावठी भट्टीही ऊर्धपातनाचीच. काळा गूळ, नवसागर, एक पिंप, एक नळी. फक्त तिथे टक्के मोजायला कुणी बसलेलं नसतं.

कायदा काय म्हणत होता? १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. दारू प्यायची तर परवाना हवा. ‘परमिट रूम’ ही पाटी तुम्ही रोज बघता, तो शब्द तिथूनच आला. कायद्याने आजही परवाना लागतो, फक्त कुणी विचारत नाही. बंदीच्या काळात पैसेवाल्यांनी परवाने काढले आणि गरिबाने भट्टी शोधली.

राळेगणसिद्धी हे याच तालुक्यातलं गाव. १९७५ च्या सुमारास अण्णा हजारे लष्करातून परत आले तेव्हा दुष्काळी गावात शेती पिकत नव्हती, पण तीसच्या वर दारूभट्ट्या चालू होत्या. देवळात शपथा झाल्या, भट्ट्या बंद झाल्या. जे ऐकेनात त्यांना खांबाला बांधून मारलंही गेलं, हे खुद्द अण्णांनीच सांगितलंय. मला ते मारणं पटत नाही. पण आप्पा आठवले की वाटतं, आमच्या गावातही कुणीतरी असं काही करायला हवं होतं. ही दोन्ही वाक्यं माझ्या डोक्यात एकत्रच राहतात. पुढे हिवरेबाजारनेही आपल्या पंचसूत्रीत नशाबंदी ठेवली.

आणि फेब्रुवारी २०१७. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीचे दिवस. नगर तालुक्यातल्या पांगरमलला प्रचाराची जेवणावळ झाली, सोबत दारू. दारू बनावट निघाली. माणसं गेली. घरंच्या घरं बसली. चौलच्या सरदारांना वाईन दिली होती, इथे मतदारांना दारू दिली. साडेचारशे वर्षं उलटली, भेटीचा हेतू तोच.

इंजिनिअर, द्राक्ष आणि २०२२ चं भांडण

मग वाईन परत कधी आली? आमच्या शेजारून. कल्याण रस्त्याने आळेफाट्यापर्यंत जा आणि डावीकडे वळा, नारायणगाव. तिथे श्यामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात फ्रान्सच्या पायपर-हाइडसिक कंपनीच्या तांत्रिक मदतीने फसफसणारी वाईन बनवायला घेतली. परदेशात ती विकली गेली ‘ओमर खय्याम’ या नावाने. जुन्नर तालुक्यातल्या द्राक्षाच्या बाटलीवर फारसी कवीचं नाव! जुहूरी हसला असता. २०१० च्या आसपास ती कंपनी कर्जात बुडाली, पण वाट पडली होती.

नाशिकला ती वाट मोठी केली राजीव सामंत यांनी. आपल्या श्रोत्यांपैकी निम्मे आयटीतले, म्हणून सांगतो : हा माणूस स्टॅनफर्डला शिकलेला, सिलिकॉन व्हॅलीत ओरॅकलमध्ये नोकरी करणारा. सोडून नाशिकला आला, घरच्या जमिनीवर वाईनची द्राक्षं लावली आणि २००० साली सुलाची पहिली वाईन बाजारात आणली. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणून वाईनला सवलती दिल्या. विंचूरला वाईन पार्क झालं.

२७ जानेवारी २०२२ ला मंत्रिमंडळाने ठरवलं : शंभर चौरस मीटरपेक्षा मोठ्या सुपरमार्केटमध्ये वेगळ्या कपाटात वाईन विकायला परवानगी. युक्तिवाद असा की याने द्राक्ष उत्पादकाला फायदा होईल, आणि वाईन म्हणजे काही दारू नव्हे. पुन्हा तोच ‘म्हणजे’! राळेगणहून अण्णांनी १४ फेब्रुवारीपासून उपोषणाचा इशारा दिला. शेवटी ग्रामसभेनंतर उपोषण स्थगित झालं, सरकारने लोकांच्या हरकती मागवायचं कबूल केलं, आणि निर्णय अंमलात आला नाही.

मी तेव्हा पुण्यात होतो आणि ऑफिसच्या ग्रुपवर अण्णांवरचे मीम फॉरवर्ड करत होतो. आईकडे कात्रण होतं, ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

आता बोलायचं तर दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं आहे. शेतकरी बांधावर विकतो ती थॉमसन, सोनाका ही खायची द्राक्षं, चांगली वाईन होते ती शेनिन ब्लां, शिराझ अशा बारीक, जाड सालीच्या, बियांच्या जातींपासून, आणि त्यांची लागवड बहुतेक कंपनीशी करार करूनच होते. म्हणजे सगळ्या द्राक्षवाल्यांचं भलं होणार हे जरा ताणलेलं. दुसरीकडे, बारा टक्क्यांची वाईन आणि नवसागराची भट्टी एकाच तागडीत तोलणंही बरोबर नाही. आप्पा वाईनने गेले नव्हते. पण हे मी आईला कोणत्या तोंडाने सांगणार?

मटणाबरोबर कोणती?

ज्यांनी फक्त ‘कोणत्या जेवणाबरोबर कोणती वाईन’ यासाठी एपिसोड लावला, त्यांनी इथे कान द्या. मी त्या रात्री हेही वाचलं आणि कपाळावर हात मारला.

रेड वाईनमध्ये टॅनिन असतं, कडक चहा प्यायल्यावर जीभ जशी खरखरीत होते तसं करणारं. साल आणि बियांतून येतं, ओकच्या पिंपातूनही. मिरचीच्या जेवणाबरोबर टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही मिळून आग वाढवतात. काळ्या मसाल्याच्या मटणाबरोबर पिंपातली जड रेड म्हणजे फोडणीवर पेट्रोल. तिखटाबरोबर हवी ती थंड केलेली, किंचित गोडसर पांढरी, शेनिन ब्लांसारखी. नाहीतर हलकी गुलाबी.

वाईन आणि तिखट मांस यांचं जुनं नातं एकाच पदार्थात नीट जमलंय : विंदालू. नावच बघा. पोर्तुगीज ‘विन्या दालियुश’, म्हणजे वाईन आणि लसूण. लांबच्या प्रवासात मांस टिकावं म्हणून पोर्तुगीज ते वाईन आणि लसणात मुरवायचे. गोव्यात वाईनच्या जागी माडाच्या ताडीचं व्हिनेगर आलं, मिरची आली. वसई-मुंबईचे ईस्ट इंडियन लोक त्यालाच इंदेल म्हणतात. म्हणजे तिथे वाईन ताटाशेजारी नव्हती, ताटातच होती.

थोडक्यात माझी बाटली चुकीच्या घरी चालली होती आणि चुकीच्या मटणाबरोबर.

पंचवीस डिसेंबर

चोवीसला रात्री मित्राला फोन करून सरळ विचारलं. तो दोन सेकंद गप्प. मग म्हणाला, “अरे, पप्पा घेत नाहीत. आजी तर जागची उठून जाईल.” आणि मग हळूच, “पण हिला आवडलं असतं रे.”

‘ही’ म्हणजे त्याची बायको. वसईची. लग्नाला दोन वर्षं झाली. तिच्या माहेरी नाताळच्या तीन-चार आठवडे आधी मनुकांची वाईन बरणीत घालतात, रोज लाकडी चमच्याने ढवळतात. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळला तिने सासरी विचारलं होतं, एक छोटी बरणी घालू का? नाही म्हणाले. तिने परत विचारलं नाही.

मी बाटली घरीच ठेवली. जाताना बाजारातून काळी द्राक्षं घेतली.

जेवण तेच. करंजी, मटण, भाकरी. काकांनी, म्हणजे मित्राच्या वडिलांनी, प्रार्थना केली. काकू द्राक्षाचा रस घेऊन आल्या. मला राहवलं नाही, मी वेल्चची गोष्ट सांगितली, दंतवैद्य, पाश्चर, सगळी. काकांना मजा वाटली. निवृत्त शिक्षक, त्यांनी दोनदा साल विचारून घेतलं. मग म्हणाले, “म्हणजे आमचा रससुद्धा प्रयोगशाळेतून आला म्हणायचा.” आणि आजी, नव्वदीच्या जवळपासच्या, नातसुनेकडे वळून म्हणाल्या, “तुझ्याकडं बरणी घालतात ना गं? ती कशी लागते?”

टेबलावर सगळे थांबले. वहिनी म्हणाली, “गोड असते, आजी. थोडी आंबट. माझी आजी म्हणायची, खोकला जातो.”

“हं,” आजी म्हणाल्या आणि भाकरी मोडायला लागल्या.

बस, एवढंच. कुणी कुणाला परवानगी दिली नाही. पण मित्र नंतर म्हणाला, दोन वर्षांत या घरात तिच्या माहेरच्या नाताळबद्दल कुणी पहिल्यांदाच विचारलं.

ती दोघं एकतीसला वसईला जाणार होती. मी म्हटलं, माझ्याकडे एक बाटली पडून आहे, घेऊन जाता का? काकांसमोर विचारलं, लपवून नाही. काका म्हणाले, “त्यांच्या घरची गोष्ट त्यांच्या घरी.”

एक तारखेला सकाळी वहिनीने फोटो पाठवला. वसईचं टेबल, इंदेलचं भांडं आणि मधोमध ती बाटली. उभी. रिकामी. इंदेलबरोबर ती कशी लागली, हे मी विचारलं नाही, टॅनिनचं आठवून गप्प बसलो.

आईला फोटो दाखवला. चष्मा लावून नीट बघितला तिने.

“किती जणं व्हती?”

“सहा.”

“एकच बाटली?”

“हो. साडेसातशे मिली. माणशी एक ग्लास.”

ती मनात हिशोब करत होती, मला दिसत होतं. तो हिशोब द्राक्षाचा नव्हता, आप्पांचा होता.

“अन्‌ मग परत आणायला कुणी गेलं न्हाई?”

“नाही गं.”

फोन मला परत दिला. “बरं,” म्हणाली आणि चुलीकडे गेली. कात्रण अजून रेशनकार्डाच्या पिशवीत आहे, आणि तिथेच असू द्या.

तर मंडळी, पुढच्या वेळी कुणाकडे सणाला जाताना काही नेणार असाल तर आधी फोन करून विचारा. तुमच्या गावात बाटली आडवी झालीय का, कधी झाली, हे आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!